जेवणानंतरची जागा

"अगं, राहू दे ती सुरी, मी कापते केक." ऑड्रीने फिलिपाच्या हातातली सुरी अलगद काढून घेतली. "दोन दिवस नुसतं लोळायचं तू."

फिलिपा लोळली. सकाळी ऑड्रीच्या नवऱ्याने, रूपर्टने, लांब काठी रोवत नदीत नाव हाकली आणि ही उशीला टेकून बदकं बघत बसली. विद्यापीठातला जो कोणी भेटे, तो तिच्याशी हळू, गोड बोले. काय ती माणसं!

"जुनं काही मनात नाही ना?" रूपर्टने विचारलं.

"छे रे! किती वर्षं झाली त्याला."

मनात होतं तर! गव्हाच्या तांबेरा रोगाला पुरून उरणारा वाण तिने शोधला आणि या गृहस्थाने तो खुशाल स्वतःच्या नावावर छापला. हा प्राध्यापक झाला, ती शाळेत बेडूक शिकवत राहिली. आता त्याच कामाबद्दल त्याला सुवर्णपदक द्यायचं घाटत होतं. पदक ठरवणारे म्हातारे पेंबर्टन आज कॉलेजात जेवायला येणार होते. म्हणून तर ती आली होती.

कॉलेजची रीतच आहे. जेवण आटोपलं की मंडळी दुसऱ्या दालनात पोर्ट नावाची गोड वाइन प्यायला बसतात आणि तिथे पाहुण्याला यजमानाजवळ बसू देत नाहीत. रूपर्ट गेला पार त्या टोकाला. फिलिपा नेमकी पेंबर्टनांच्या शेजारी.

पोर्टची सुरई डावीकडे सरकली आणि तिने तोंड उघडलं. कुठलं शेत, कुठलं बियाणं, पहिलं निरोगी रोप कसं सापडलं, सगळं सांगितलं. बोलता बोलता आवाज चढला.

"चोर आहे तो! चोर!"

रूपर्टने मान खाली घातली. भोग मेल्या, भोग आता! तिचं काळीज थंड झालं.

पेंबर्टनांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "फार सोसलंत हो तुम्ही."

"मग पदकाचं काय?"

"ते योग्य माणसालाच मिळेल, बाई."

मग ते पलीकडच्या शेजाऱ्याकडे वळले. कानाने अधू माणूस, आपण कुजबुजतोय असंच त्यांना वाटत होतं.

"रूपर्ट कालच म्हणाला होता, पोर्ट आली की बिचारीचं सुरू होईल. अशा वेड्या बाईलाही घरी आणून जपतो. पदक द्यावं तर अशा माणसाला!"