अप्पांच्या चपला

अप्पांना चपला आवळू लागल्या, तेव्हा शैलजाने त्या चपलांना आठवडाभर एरंडेल चोळलं. “उन्हानं कातडं आखडलंय, दुसरं काय,” असं अप्पाच म्हणाले होते.

आपल्या लेकीच्या वरातीत तिच्या आजोबांना नाचता यावं म्हणून शैलजाने वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, हृदयातल्या पंपाचा वेग मोबाइलवरून वाढवला होता. हल्ली घरच्यांना तेवढी मुभा असतेच. अप्पा नाचले, तीन जिने न थांबता चढले. मग वेग पुन्हा कमी करणं तिच्या जिवावर आलं.

आज डॉक्टरांनी अप्पांच्या पायावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

“डावीकडचा पंप जेवढं रक्त पुढे फेकतो, तेवढं सगळं फिरून उजवीकडे येतं. तिथे पंप नाही. ती बाजू पार थकलीय, म्हणून पायात पाणी साचलंय. वेग कोणी वाढवला?”

“मी,” अप्पा चटकन म्हणाले.

“नाही डॉक्टर, मी वाढवला,” शैलजा म्हणाली.

डॉक्टर बाहेर गेल्यावर तिनं विचारलं, “अप्पा, पाय सुजलेत हे तुम्हाला कळलं नाही?”

“पहिल्याच आठवड्यात कळलं गं. पण तू गावभर सांगत सुटली होतीस, माझे अप्पा पळायला लागले म्हणून.”

वेग कमी करायला शैलजाने मोबाइल काढला. बोटांना अजून एरंडेलाचा वास येत होता.