सोनाबाईची भाकर

“पुरावा मागते तो,” प्राजक्तानं मोबाइल आजीसमोर धरला.

“कोण तो?” कौशल्याबाईंनी गव्हाचं सूप खाली ठेवलं.

“पुण्याचा एक जण. पानं तपासते. म्हणते, भुलाबाईच्या गाण्यातलं शेवटचं कडवं दुसऱ्या कुठल्याच गावात सापडत नाही. आठ दिवसांत दुसऱ्या गावची म्हणणारी भेटली नाही तं काढून टाकीन.”

“त्याच्या मायनं धरला होता का फेर भुलाबाईपुढं? काढून टाकते म्हणे!”

प्राजक्ता अकोल्याला कॉलेजात, आजी अकोटला. कोणीही लिहावं आणि कोणीही खोडावं असा एक ज्ञानकोश इंटरनेटवर आहे, त्यात ती आणि तिच्या मैत्रिणी वऱ्हाडातली गाणी भरत होत्या. दंडार झाली, डहाका झाला, मेळघाटातली कोरकू गाणी झाली. भुलाबाईचं, म्हणजे वऱ्हाडातल्या भोंडल्याचं, गाणं आजीनं सांगितलं. त्याचं शेवटचं कडवं असं:

भुलाबाईच्या ताटात वाढा गूळ-साखर,
सोनाबाईनं भाजली ज्वारीची भाकर.

सोनाबाई ही कौशल्याबाईंची माय. “तिच्या भाकरीचं नाव पार मोर्शीपर्यंत होतं, म्हणून तं गाण्यात आलं,” असं त्यांचं म्हणणं. बाकी ते नाव ना सातबाऱ्यावर, ना फोटोखाली; फोटोच नव्हता. पानावर ते उमटलं तेव्हा कौशल्याबाईंनी नातीकडून तीनदा वाचून घेतलं होतं. आता आठ दिवसांत ते पुसलं जाणार.

“अमरावतीले चाल,” त्या म्हणाल्या. “विहीणबाईकडे.”

प्राजक्तानं कपाळाला हात लावला. गंगूबाई म्हणजे आरतीआत्याच्या सासूबाई. माहेर मोर्शीकडचं. आत्याच्या लग्नापासून वीस वर्षांत या दोघींचं एका गोष्टीवर जमलं नव्हतं. कौशल्याबाई वरण म्हणाल्या की गंगूबाई कढी.

“आजी, त्या तुया उलटंच बोलतीन.”

“म्हणून तं. तिनं हो म्हटलं तं पुण्यावाल्याची काय बिशाद!”

दुसऱ्या दिवशी अकोटहून एसटी पकडली. गंगूबाई अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या.

“या विहीणबाई. आज बरी आठवण झाली.”

“आठवण नाही, काम आहे.”

प्राजक्तानं सगळं समजावून सांगितलं आणि कडवं ऐकवलं. गंगूबाईंनी दोन पानं खुडली. मग तिसरं. कौशल्याबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

“चुकलं तुमचं,” गंगूबाई म्हणाल्या. “सोनाबाई कोण? आमच्या मोर्शीकडे ठकूबाई म्हणतात.”

आणि टाळ्यांवर ठेका धरून, अख्खं कडवं त्यांनी एका दमात म्हटलं. चाल तीच, भाकरही तीच. भाजणारी तेवढी ठकूबाई.

“ठकूबाई?” कौशल्याबाई उसळल्या. “तिले भाकर येत होती काय?”

“तुमच्या सोनाबाईपेक्षा पातळ!”

“पातळ नाही, कच्ची म्हना!”

“आमच्या गावात येऊन इचारा!”

चहा गार झाला तरी भांडण गरमच. प्राजक्तानं सगळं रेकॉर्ड केलं आणि तिथूनच चढवून दिलं.

परतीच्या एसटीत पुण्याहून निरोप आला. प्राजक्तानं मोठ्यानं वाचला: “पाठभेद मिळाला. म्हणजे कडवं जुनं आहे आणि बऱ्याच गावांत पसरलेलं आहे. दोन्ही नावं ठेवली आहेत.” तिनं आजीच्या गळ्यात हात टाकले. कौशल्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि धुळीला दोन शिव्या घातल्या.

“पण आजी, हे ठकूबाई कोण असन व?”

“गंगूची माय.”

“म्हणजे त्याईनं आपल्या मायचं नाव घुसवलं? खोटं बोलल्या?”

“बोलू दे. तिच्या मायचंबी कुठी लिहेल नव्हतं.”

“जाऊ दे. खरं कडवं तं आपलंच आहे ना?”

“आपलंच आहे,” कौशल्याबाई म्हणाल्या. “औंदाच्या पोळ्याले, पुरण वाटता वाटता जुळलं मले.”