कोरडं अंथरूण

पैज लागली ती जिन्यातच. तळमजल्यावरच्या मावशींना अख्खी बिल्डिंग पाठीमागे 'बातम्या' म्हणते. त्या म्हणाल्या, "नर्सबाई, तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेत एक खोट काढून दाखव. सासू दोन वर्षं पडून आहे, पण गेल्या वर्षभरात अंथरूण एकदा ओलं नाही! नाहीतर तुझी बाल्कनी. रोज चादरींची परेड!"

नर्सबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांची सासूही पडून. रोज दोन चादरी, कधी तीन. वर सासूबाई स्वतःच म्हणायच्या, "तिसऱ्या मजल्यावर दिलं असतं मला, तर सुखानं मेले असते."

"आजपासून ती आजी माझ्याकडे आहे," नर्सबाई म्हणाल्या. घरोघरी जाऊन पेशंट बघायचे, हीच त्यांची नोकरी. "अकराला जाते, खोट घेऊनच येते. हरले तर पाच वाजता गेटवर, डोक्यावर बादली घालून तीनदा ओरडेन. तिसऱ्या मजल्यावरची सून सगळ्यांत भारी!"

"आणि मी हरले तर तुझ्या नावानं मी ओरडते!" मावशींनी टाळी दिली.

खोली आरशासारखी लख्ख. चादर अशी ताणलेली की वर कॅरम मांडावा. नर्सबाईंनी आजींच्या खाली हात घालून पाहिला. कोरडं ठणठणीत. नखं कापलेली, केस विंचरलेले, अंगाला पावडरचा वास. नर्सबाईंच्या पोटात दुखायला लागलं. गोळी घेऊन थांबणारं नव्हे, दुसरं.

"आजी, जीभ बघू."

जीभ बाहेर आली ती भेगाळलेली, वाळक्या कातड्यासारखी. नर्सबाईंनी आजींच्या छातीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. सोडली तरी ती उभीच राहिली. पलंगाखालच्या भांड्यात सकाळपासूनची लघवी जेमतेम तळाला, कोऱ्या चहाच्या रंगाची.

सापडली! खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्यांना आनंदच झाला. बादली मावशींच्या डोक्यावर बसलेलीसुद्धा दिसली.

तेवढ्यात आजींचा हात त्यांच्या पिशवीतल्या बाटलीवर पडला. "दे ना गं. ती आत आहे तोवर."

"हळू, आजी. घोट घोट." बाटलीच्या तोंडावर आजींचे उरलेसुरले दात वाजत होते.

"ताई, पाणी नका देऊ!" सून दारात उभी होती. "दिलं की भिजतं."

"दिवसाला किती देता?"

"हल्ली सकाळी अर्धा कप. गोळीपुरतं."

"आणि मग?"

"मग काय... सगळे म्हणतात ना, हिच्या सासूचं अंथरूण कधी ओलं नसतं." बोलताना मान ताठ होती. बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं असावं. आवाज खाली आला. "मी एकटी असते हो. हे महिन्यातून दोनदा येतात. पहिल्या वर्षी चार चार चादरी धुतल्या दिवसाला. तेव्हा कुणी भारी म्हणालं नाही."

नर्सबाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्यांच्याही हाताला साबणाच्या चिरा होत्या. त्यांनी डॉक्टरांना फोन केला, मग ऑफिसला, मग फॉर्म काढला.

"हे काय लिहिताय?"

"पाणी रोखलं जातंय, ते. लिहावंच लागतं."

"आपसात राहू द्या ना, ताई. आजपासून देते."

"द्याच. पण लिहिणार."

सुनेचे डोळे बारीक झाले. "कळलं. पैज जिंकायचीय! जिन्यातलं सगळं वर ऐकू येतं मला."

पेन थांबलं. नाही म्हणायला नर्सबाईंची जीभ रेटेना.

"पैज मी हरले, वहिनी," त्या शेवटी म्हणाल्या. "पाच वाजता खिडकीतून बघा. आता इकडे या, आजींना टेकून बसवायला हात लावा." आणि त्यांनी फॉर्म पुरा भरला. एकही रकाना गाळला नाही.

पाच वाजता गेटवर ही गर्दी. मावशींनी स्वतःच्या घरची बादली आणली होती, पुसून.

"काहीच नाही सापडलं?" त्यांना खरंच वाटेना.

"हरले म्हणजे हरले. आणा इकडे."

"तिसऱ्या मजल्यावरची सून सगळ्यांत भारी!" बादलीत आवाज घुमला. पोरं खिदळली. पहिल्या मजल्यावर खिडकीला लावलेल्या पलंगावरून नर्सबाईंची सासू ओरडली, "मोठ्यांदा! मला ऐकू नाही आलं!"

नर्सबाईंनी दुसऱ्यांदा घोष केला. तेवढ्यात बादलीच्या काठाखालून दोन माणसांचे पाय आत येताना दिसले. ऑफिसच्या मोठ्या बाईंच्या चपला त्यांनी ओळखल्या. सोबत डॉक्टर. मोठ्या बाईंनी बादलीकडे पाहिलं, ओळख दाखवली नाही आणि सरळ जिना चढू लागल्या.

"कोण गं ही?" मावशींनी कान टवकारले. "बॅगबिग घेऊन. वरच चाललेत. थांबा, मी आलेच बघून."

"मावशी!" नर्सबाईंनी आंधळ्यासारखा हात पुढे करून त्यांचं मनगट पकडलं. "तिसरं राहिलंय. ऐकल्याशिवाय कुठे निघालात?"

आणि त्या अशा ओरडल्या, की रस्त्यापलीकडची माणसं थांबली, मावशींनी दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि तिसऱ्या मजल्यावरची बेल कुणालाच ऐकू आली नाही.