ताईची नजर

छापखाना बंद पडल्यापासून तो ताईकडे राहत होता. हल्ली चहा-बिस्किटांवरच त्याचा दिवस निघायचा, झोप उडाली होती, छातीत सारखी धडधड व्हायची. त्यातून ताई त्याच्या ताटावर नजर ठेवायची, केराच्या डब्यात डोकावायची आणि भावजींच्या कानाशी लागायची. आपण हिला जड झालोय, हा संशय त्याच्या मनात घर करून बसला.

एकदा न राहवून तो म्हणालाच, “ताई, माझे घास मोजतेस?”

“हो, मोजते,” ताई म्हणाली. मग त्याच्याजवळ बसून ती पुढे बोलू लागली.


“आपल्या दादानं जीव दिला, त्याच्या आधी तोही असाच जेवण टाळत होता. आणि आपण ‘छान बारीक झालास’ म्हणून त्याचं कौतुक करत होतो.”