खालचा भाग

फादरांनी प्रोजेक्टर लावला आणि चर्चच्या हॉलच्या भिंतीवर नरक उजळला. प्रौढांच्या वर्गात आज अंतिम न्यायाचं एक जुनं भित्तिचित्र समजून घ्यायचं होतं, आधी खालचा भाग. मागच्या रांगेत रंगांबद्दल कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्या रेमेतबाई मात्र खुर्चीतून उठल्या आणि थेट भिंतीपाशी गेल्या. लाल ज्वाळा त्यांच्या पांढऱ्या साडीवर पसरल्या.

"बाय, तुमची सावली पडतेय," कुणीतरी म्हणालं. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांचं बोट एकेका चेहऱ्यावरून फिरत होतं.

"काय शोधताय?" फादरांनी विचारलं.

"बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ. माझं." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "तेव्हाच्या फादरांनी त्याला दफनभूमीत जागा दिली नाही. कुंपणाबाहेर पुरलं आम्ही. म्हणाले, ते देवाच्या घरी जाणार नाही."

फादरांनी हातातली टिपणं खाली ठेवली. "इथं बाळं नाहीत, रेमेतबाई."

"त्या कोपऱ्यात अंधार आहे. मला नीट दिसत नाही. तुम्ही बघा."

फादरांनी चष्मा पुसला, झगा सावरून गुडघे टेकले आणि त्या काळोखातला एकेक चेहरा पाहिला. बराच वेळ लागला. "नाही," ते म्हणाले. "तुमचं बाळ इथं नाही."

रेमेतबाईंनी श्वास सोडला. मग फादरांची बाही घट्ट धरली.

"आता वरचा भाग दाखवा," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवर स्वर्ग यायच्या आत त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.