सहाजणींना बाहेर काढणारी

"राजीनामा नंतर दे. आधी बस," मावशी म्हणाल्या.

अबोली बसली. खरं नाव वेगळं, पण इस्पितळाच्या धुलाईखात्यात ती अबोलीच. दिवसभर चादरींच्या घड्या घालायची, पण तोंडातून चार शब्द निघतील तर शपथ! मावशी खात्याच्या प्रमुख. पंधरा दिवसांपूर्वी कपडे सुकवायच्या यंत्राने पेट घेतला, तेव्हा दोघी धरून सातजणी कामावर होत्या. सातही वाचल्या. अबोलीच्या हातांना अजून पट्ट्या होत्या. भेटायला आलेल्या बाया तिला बिलगून रडल्या होत्या. कीव करत असतील, असं ती धरून चालली होती.

"जाण्याआधी त्या बाईंना एकदा भेटायचंय," ती म्हणाली. "ज्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, त्यांना."

मावशींनी चष्मा काढला. "कुठल्या बाई?"

"वरच्या वॉर्डातल्या असतील. आपल्यात एवढं काळीज कुणाचं आहे?"

मावशींनी चष्मा टेबलावर ठेवला.

"चेहरा नाही आठवत. पण आवाज! काय आवाज होता, मावशी! 'आधी वीज बंद करा. चादरी भिजवा. एकमेकींचा हात सोडू नका.' नाकातोंडात धूर, आणि ही बाई भाजी निवडायला बसल्यासारखी शांत. अशा माणसाच्या पाया पडावं."

"आणि तू काय करत होतीस?"

अबोलीची मान खाली गेली. हाच प्रश्न तिला पंधरा दिवस खात होता.

लहानपणी वडिलांची चप्पल दारात वाजली की तिचं मन उठून माळ्यावर जाऊन बसायचं. खाली काय झालं, कुठे लागलं, तिला पत्ता नसायचा. बारा वर्षं हेच. वडील गेले, सवय राहिली. कुणी भांडं आपटलं तरी ती बसल्या जागी हरवायची. रोजचा मार चुकवता येत नव्हता, म्हणून मनाने ती वाट शोधली, असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. अबोलीच्या लेखी तो शुद्ध पळपुटेपणा होता.

"नेहमीचंच," ती म्हणाली. "थिजले असेन कुठेतरी. कुणीतरी उचलून आणलं असणार. पुन्हा असं झालं, तर माझ्यापायी एखादी जिवाला मुकेल. म्हणून जाते."

"बाहेरून आत कुणीच आलं नव्हतं गं. जिना धुराने भरला होता."

"मग आपल्यातलंच कोण? तुम्ही?"

"मी? मी तर मशीनखाली डोकं घालून रडत होते. हाताला धरून ओढलं मला."

अबोली गोंधळली. एकेकीचा चेहरा तिने डोळ्यांपुढे आणला. एकीलाही तो आवाज बसेना.

"मग मला कुणी बाहेर काढलं?"

मावशींचे डोळे भरून आले.

"कुणीच नाही. आम्ही सहाजणी अंगणात खोकत पडलो होतो. तू सगळ्यांत शेवटी चालत आलीस, मागे दार ओढून घेतलंस आणि मला म्हणालीस, 'मावशी, सहाही पोचल्या का, मोजून घ्या.'"