मल्लिगेचे दोन हार

मैसूर संस्थानातल्या त्या गोदामात पत्र्याच्या उकाड्यानं रेशमाचे कोश बिघडत, निवडणाऱ्या बायकांना भोवळ येई. कारभारी मानाजीरावांनी दोन दालनांपैकी एकाच्या पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या बांधून मध्ये भाताचा पेंढा ठासला. सकाळी दोन्हीकडे मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, एकेक ताजा हार टांगला. दुपारी मालक येईपर्यंत मानाजीरावांनी दहा फेऱ्या मारल्या. "बसा की अण्णा," कोश निवडणारी अंबुबाई म्हणाली, "फुलं पळून जात नाहीत." मालकांनी पाहिलं, उघड्या पत्र्याखालचा हार करपला होता, पेंढ्याखालचा टवटवीत. "शाबास! सगळे कोश या गार दालनात हलवा." "आणि बायका, स्वामी?" मानाजीरावांनी विचारलं. "त्या तिकडं पत्र्याखालीच बसून निवडतील. सवय आहे त्यांना." निघताना मालकांना हार घालायची रीत होती. मानाजीरावांनी हात पुढे केला. अंबुबाईनं त्यावर करपलेला हार ठेवला. त्यांनी एकवार तिच्याकडे पाहिलं आणि तोच मालकांच्या गळ्यात घातला.